कोंबडीच्या पिलांवरील भक्षकांचे हल्ले

कोंबडीच्या पिलांवरील भक्षकांचे हल्ले : परसात मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या कोंबडीच्या कोवळ्या पिलांना मुंगूस, रानमांजर, कुत्रा, घूस, साप, घार इ. प्राण्यांपासून पोहोचणारी इजा व त्यांवरील उपाय यांचा विचार या नोंदीत केला आहे. व्यापारी कुक्कुटशाळांत पक्की बांधणी व माणसांचा सततचा राबता यांमुळे हा उपद्रव मर्यादित राहतो. घराच्या मागीलदारी पंचवीस-पन्नास पिले पाळणाऱ्या कुटुंबाची मात्र सबंध खेपेची मिळकत एका रात्रीत बुडू शकते. अशा प्रसंगी भक्षकाला पकडण्याच्या अथवा मारण्याच्या खटपटीत जो दिवस जातो, तोच दिवस वाचलेली पिले सावरण्यासाठी, भक्षकाची आत येण्याची वाट शोधण्यासाठी आणि अंधार पडण्यापूर्वी ती बुजविण्यासाठी हवा असतो. कारण जेथे सहज भक्ष्य मिळाले, तेथे भक्षक बहुधा परत येतो.

मांसल पिलांची असुरक्षितता : गावठी कोंबडीची पिले आईच्या देखरेखीखाली वाढतात. पिलांची आई व कळपातील कोंबडा आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी एक आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी दुसरा असे निराळे इशाऱ्याचे आवाज काढतात. पहिल्या आवाजासरशी पिले आडोशाला दडून निश्चल होतात. दुसऱ्याने कळप माना वर करून सावध होतो व कलकलाट करतो. यंत्रात उबविलेल्या पिलांना आईचा हा पहारा मिळत नाही.

मांसासाठी निपजविलेल्या संकरित पिलांत याखेरीज शरीररचनेचीही अडचण असते. अंड्यातून बाहेर पडताना सु. ४० ग्रॅ. वजनाचे असलेले पिलू पाच-सहा आठवड्यांत सु. २ किग्रॅ. वजनाचे होते. छातीचे मांस झपाट्याने वाढते, त्या मानाने पायांना बळ येत नाही. त्यामुळे ही पिले फार पळू शकत नाहीत, उडत नाहीत आणि दांडीवर झोपत नाहीत. भुशाच्या गादीवर, पुष्कळदा भिंतीला किंवा जाळीला अंग टेकूनच, ती रात्र काढतात. व्यापारी वाणांचा पांढरा रंग अंधुक प्रकाशातही नजरेत भरतो. गिरिराज, वनराजा यांसारखे परसासाठी तयार केलेले रंगीत वाण हळू वाढतात व त्यामानाने चपळ असतात. तरी पहिले काही आठवडे त्यांनाही हा धोका असतोच. कोंबडीला अंधारात फार कमी दिसते. दिवसा घारीला पाहून धावणारी पिले रात्री शत्रू जवळ आला तरी जागची हलत नाहीत, किंवा एकदम घाबरून एका कोपऱ्यात कोंदतात.

हे कोंदणे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. घाबरलेली पिले एकमेकांच्या अंगावर चढतात, खालची गुदमरतात. सकाळी कोपऱ्यात चपटलेल्या, ओलसर अंगाच्या, पण जखम नसलेल्या पिलांचा थर सापडला, तर ती भक्षकाने मारलेली नसून गर्दीत गुदमरलेली असतात. एखादे मुंगूस दोन पिले मारून निघून जाते आणि त्याच्या धसक्याने दहा मरतात, असेही घडते. म्हणूनच पिलांच्या खुराड्याचे कोपरे पत्रा किंवा जाड पुठ्ठा वाकवून गोल करून घ्यावेत. एवढ्या साध्या तजविजीने पुष्कळ पिले वाचतात, तरी परसातील खुराड्यांत ती क्वचितच केलेली दिसते.

गरजेपेक्षा अधिक हत्या : एका रात्रीत वीस पिले मारून एखादेच खाल्लेले पाहिले, की लोक त्या प्राण्याला क्रूर ठरवतात, मुंगूस फक्त रक्त पिते, असाही समज आहे. मूळचे नेदरलँड्सचे प्राणिवैज्ञानिक हान्स क्रूक यांनी १९७२ साली मांसाहारी प्राण्यांच्या अशा अतिरिक्त हत्येचा विचार मांडला. काळोख्या रात्री निश्चल बसलेल्या कुरव पक्ष्यांना कोल्ह्यांनी मोठ्या संख्येने मारल्याचे त्यांनी इंग्लंडमध्ये अभ्यासिले होते. भक्षकाचे पोट भरले तरी समोर पळू न शकणारे भक्ष्य असले, म्हणजे ते धरण्याची त्याची प्रेरणा थांबत नाही, असा त्याचा थोडक्यात अर्थ आहे. रानात हा प्रसंग क्वचित येतो, कारण एक पक्षी पकडला की बाकीचे उडून जातात. बंद खुराड्यात ते जाऊ शकत नाहीत. रक्त पिण्याचा समजही यातूनच आला असावा : मानेवर दातांच्या खुणा आणि बाकीचे शरीर शाबूत, असे अनेक देह एका ठिकाणी पडलेले दिसतात.

भक्षकाची ओळख : हल्ला कोणी केला हे कळले, म्हणजे वाट कोठून व उपाय कोणता हेही बहुतांशी कळते. मात्र सकाळी मृत पिलाजवळ दिसलेला कुत्रा वा कावळा हाच गुन्हेगार, असे समजणे घाईचे होते. तो केवळ मेलेल्यावर आलेला असू शकतो. खात्री करण्यासाठी मृत पिलाची कातडी मानेपासून पाठीपर्यंत सोलून पाहावी. पिलू जिवंत असताना दात लागले असतील, तर छिद्रांभोवती कातडीखाली रक्त साकळलेले, काळपट लाल दिसते. मेल्यावर फाडले असेल, तर कडा फिकट व कोरड्या राहतात.

मुंगूस (अर्व्हा एडवर्डसाय) प्रायः दिवसा येते व डोके किंवा मान यांवर चावा घेते. पाच-सात सेंमी.ची फटही त्याला पुरते [⟶ मुंगूस]. घूस व उंदीर रात्री येतात, त्यांचा रोख दोन-तीन आठवड्यांच्या आतील पिलांवर असतो. पाय, पोट कुरतडलेले असते व काही पिले बिळात ओढून नेलेली असतात. पिले रोज एक-दोन कमी होत असून मागे काहीच उरत नसेल, तर प्रथम जमिनीतील बिळे पाहावीत. भटके कुत्रे पिलांना फाडून इतस्ततः टाकतात, खातात थोडी. जाळी वाकलेली वा उचकटलेली आढळते. रानमांजर (फेलिस चाऊस) व कोल्हा सबंध पक्षी उचलून नेतात आणि मागे पिसांची ओळ राहते. उदमांजर, ज्याला काही भागांत कांडेचोर म्हणतात, छपरावरून उतरते. कौल सरकल्याची खूण ही त्याची ओळख. पाळीव मांजर सोज्वळ दिसत असले, तरी लहान पिलांच्या बाबतीत त्याचा भरवसा धरू नये.

पिलाचे फक्त डोके किंवा एखादा पायच नाहीसा झाला असेल, तर भक्षक आत आलाच नव्हता असे समजावे. जाळीला टेकून झोपलेल्या पिलाला त्याने बाहेरून पंजाने ओढलेले असते. अशा ठिकाणी कुलपे वाढवून उपयोग होत नाही, जाळीच्या खालच्या भागाला भरीव आडोसा हवा असतो.

घार (मिल्व्हस मायग्रॅन्स) भरदिवसा झडप घालून एकच पिलू नेते व खूण ठेवीत नाही. एकदा यश मिळाले, की ती त्या परसावर घिरट्या घालू लागते. शिक्रा झाडांच्या आडून येतो, म्हणून तो अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. कावळ्यांचा त्रास पहिल्या दोन आठवड्यांतच अधिक असतो. घुबडांपैकी गव्हाणी घुबड मुख्यत्वे उंदरांवर जगते, त्याला हुसकावणे म्हणजे उंदरांना अभय देणे होय. नाग, धामण हे साप अंडी व लहान पिले गिळतात. डोक्यापासून मानेपर्यंत पिसे ओली व चिकटलेली असलेले, पण न खाल्लेले पिलू सापडले, तर सापाने ते गिळण्याचा प्रयत्न करून सोडले असे मानण्यास जागा असते. अशा वेळी खुराड्यात, विशेषतः भुशात, हात घालण्यापूर्वी काठीने चाचपून पाहावे. उसाच्या पट्ट्यात, उदा., जुन्नर व अकोले तालुक्यांत, बिबट्याचा वावर वस्तीलगत असतो. तेथे रात्री खुराड्यातून गलका ऐकू आल्यास एकट्याने बाहेर जाऊ नये.

अंगावर जखम नसताना एका रात्रीत पुष्कळ पिले मेली, तर भक्षकाचा विचार बाजूला ठेवावा. गुदमरणे, बंद खोलीत उबेसाठी ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू, किंवा मानमोडीसारखा रोग ही कारणे संभवतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पक्षिज्वराची (बर्ड फ्ल्यूची) भारतातील पहिली साथ उघडकीस आली. तेव्हापासून अशा सामूहिक मृत्यूची खबर पशुवैद्यकीय दवाखान्यास देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्यच झाले आहे. त्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये.

हल्ल्यानंतरचे पहिले तास : प्रथम पिले मोजावीत. काही पिले भेदरून गवतात, लाकडांच्या ढिगात वा कुंपणाबाहेर दडलेली असतात. ती सांजवेळेपूर्वी शोधली नाहीत, तर थंडीने किंवा दुसऱ्या भक्षकामुळे जातात. नंतर जखमी पिले वेगळी काढावीत. हे काम दयेसाठी जितके, तितकेच कळपाच्या रक्षणासाठी आवश्यक आहे. कोंबड्यांना लाल रंगाचे आकर्षण असते, रक्त दिसताच निरोगी पिले जखमेवर टोचू लागतात व एकदा ही खोड लागली, की ती कळपभर पसरते. ब्रूडरमध्ये तांबड्या काचेचा दिवा वापरण्यामागे हेही एक कारण आहे. त्या उजेडात रक्त उठून दिसत नाही.

जखमी पिलाला औषधापेक्षा आधी ऊब लागते. धक्क्याने त्याचे पाय गार पडतात, डोळे मिटलेले राहतात, श्वास उथळ होतो. खोक्यात कोरडे फडके अंथरून, अंधारात व शांततेत, सु. ३०° ते ३२° से. तापमानात त्यास ठेवावे. अगदी लहान पिलांना अधिक ऊब लागते : पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. व पुढे दर आठवड्यास सु. ३° से. कमी. पिलू मान धरू लागल्यावरच चोचीचे टोक पाण्यात बुडवून पाणी दाखवावे. बेशुद्ध पिलाच्या चोचीत पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाते. मदतीच्या हेतूने केलेल्या या चुकीने बरीच पिले दगावतात.

जखमेभोवतीची पिसे कात्रीने कापावीत, उपटू नयेत. उकळून निवविलेल्या १ लि. पाण्यात ९ ग्रॅ. मीठ घालून त्या द्रावणाने जखम धुवावी व नंतर पोव्हिडोन आयोडिनाचे पातळ द्रावण लावावे. जखमेत हळद भरण्याची प्रथा सर्वत्र आहे. वरवरच्या ओरखड्यावर ती लावण्यास हरकत नसली, तरी दाताने पडलेल्या खोल छिद्रात भुकटी कोंबून त्याचे तोंड बंद करणे घातक ठरते, कारण घाण आतच राहते. मांजराच्या चाव्याची छिद्रे बाहेरून टाचणीएवढी दिसतात, पण आत खोलवर जंतू गेलेले असतात. पिलू दिवसभर ठीक वाटून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरते ते यामुळे. कातडीखाली हवा भरून अंग फुगलेले व दाबल्यास कुरकुरल्यासारखे लागत असेल, तर वायुकोशाला छिद्र पडलेले असण्याचा संभव असतो. मानेच्या तळाशी असलेली अन्नपिशवी फाटली असेल, तर खाल्लेले दाणे जखमेतून बाहेर येतात, तिला टाके घालावे लागतात. उघड्या जखमेवर माश्या अंडी घालतात व उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या पडू शकतात, म्हणून खोक्यावर बारीक जाळी बांधावी व जखम दिवसातून दोनदा पाहावी. प्रतिजैविके पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत. ती दिलेला पक्षी ठरावीक दिवस लोटल्याविना खाण्यास किंवा विकण्यास योग्य नसतो, आणि मांसल पक्ष्याचे एकूण आयुष्यच काही आठवड्यांचे असल्याने हा हिशेब आधीच करावा लागतो.

कोणते पिलू वाचवावे व कोणते नाही, हा निर्णय टाळता येत नाही. कातडीचे मोठे फाटे, ओढून निघालेली पिसे, एका डोळ्याची इजा यांतून पिले आश्चर्य वाटावे इतकी सावरतात. उलट पाठीचा कणा दुखावून दोन्ही पाय लुळे पडलेले, आतडी बाहेर आलेले किंवा मांडीचे हाड मोडलेले मांसल पिलू सहसा बरे होत नाही; मोडलेला पाय सांधण्यास जे दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्यात त्याचे वजन कित्येक पटींनी वाढते व तो भार सांध्याला पेलत नाही. अशा पिलास तडफडत ठेवण्यापेक्षा जाणकाराकडून मान झटक्यात निखळवून त्याचा अंत करणे अधिक सदय ठरते. मृत आढळलेली पिले खाऊ नयेत किंवा कुत्र्यांना घालू नयेत. खोल खड्ड्यात चुना पसरून ती पुरावीत. उकिरड्यावर टाकलेले देह दुसऱ्या रात्रीचे आमंत्रण ठरतात.

खुराड्याची दुरुस्ती : बाजारात मिळणारी षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते, शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. कुत्रा ती दातांनी तोडतो, लहान उंदीर छिद्रांतून सरळ आत जातो. जमिनीपासून किमान ६० सेंमी. उंचीपर्यंत सु. १२ मिमी. छिद्रांची वेल्डित जाळी हवी. खालचे ३०–४५ सेंमी. पत्रा, फळी किंवा विटांनी भरीव केले, म्हणजे पिलांना बाहेरून ओढता येत नाही. जाळी जमिनीत सु. ३० सेंमी. गाडावी, खडकाळ जागी गाडणे शक्य नसल्यास तेवढीच जाळी बाहेरच्या बाजूस जमिनीवर आडवी पसरून वर दगड ठेवावेत. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशीच उकरू लागतो, मागे सरून उकरण्याचे त्याला सुचत नाही, म्हणून आडवी जाळीही पुरेशी ठरते. कोकणात खुराडे जोत्यावर किंवा लाकडी पायांवर उभारण्याची पद्धत आहे, ती दमटपणाइतकीच घुशींपासूनही संरक्षण देते. दाराला नुसती आडणी असू नये, घट्ट बसणारी कडी असावी. दार व चौकट यांतील फट बोटापेक्षा अधिक नसावी. छपराकडील मोकळी जागा बहुधा विसरली जाते.

दिवसा मोकळ्या सोडलेल्या पिलांसाठी मासेमारीचे जुने जाळे वर ताणून बांधणे हा घारीवरील स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. लहान पिलांवर बांबूचे डालगे पालथे घालण्याची रीत जुनी आहे व तीही उपयुक्त आहे, मात्र डालग्यावर दगडाचे वजन हवे. पिलांना गुलाबी, हिरवा रंग देणे, मेलेला कावळा टांगणे, चकाकणाऱ्या पट्ट्या बांधणे हे उपाय काही दिवस लागू पडल्यासारखे वाटतात. पक्षी त्यांना लवकरच सरावतात. पिले सूर्यास्तापूर्वी आत घेऊन मोजण्याचा नेम यांपैकी कोणत्याही युक्तीपेक्षा अधिक उपयोगी आहे. विजेच्या तारेतील प्रवाह कुंपणात सोडणे बेकायदेशीर असून त्यामुळे माणसे व गुरे प्राणास मुकली आहेत.

विष व सापळे : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मुंगूस, रानमांजर, कोल्हा, घोरपड, अजगर, बिबट्या, घार इत्यादींना संरक्षण आहे. त्यांना मारणेच नव्हे, तर सापळ्यात पकडणे व विष घालणे हीसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शिकार ठरते. कावळा ज्या उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता, ती अनुसूचीच २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली. अडकलेला वन्य प्राणी वनविभागाच्या स्वाधीन करावा. कायद्याची बाब सोडली, तरी विषाचा मार्ग अदूरदर्शी आहे. विषारी आमिष कुत्रा, मांजर किंवा मोकळी फिरणारी कोंबडीही खाते. शिवाय एक मुंगूस मेल्याने आत येण्याची वाट बंद होत नाही, तीच वाट घुशींना मिळते, आणि घुशींचा एक मोठा शत्रू मात्र नाहीसा झालेला असतो. उलट टोकाचे उदाहरण जमेकाचे आहे. उसातील उंदरांच्या बंदोबस्तासाठी १८७२ मध्ये भारतातून नऊ लहान मुंगसे त्या बेटावर नेण्यात आली. त्यांची संतती वाढून तिने तेथील स्थानिक पक्षी व सरडे यांच्याबरोबर कोंबड्यांचाही फडशा पाडण्यास सुरुवात केली. मुंगूस जेथे मूळचे आहे, तेथे त्याला काढून टाकणे आणि जेथे नाही, तेथे नेणे, या दोहोंचे परिणाम खुराड्यापुरते राहत नाहीत.

हल्ल्याच्या गडबडीत कुत्रा, मुंगूस, कोल्हा किंवा मांजर माणसाला चावल्यास वा नख लागल्यास जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी अलर्क रोगाची लस सुरू करावी. कोंबड्यांपासून या रोगाचा धोका मानला जात नाही, तथापि पिलाच्या अंगावर ताजी लाळ असण्याचा संभव असल्याने जखमी पिले हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत व नंतर हात साबणाने धुवावेत. भक्षक दिवसा निर्भयपणे माणसांत शिरत असेल, लटपटत चालत असेल किंवा त्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, तर मुलांना घरात घेऊन वनविभागास व पशुवैद्यास ताबडतोब कळवावे.